शनिवारी बारापर्यंत बर्फ

प्रिय मावशी,

पत्र बघून पोटात गोळा आला असेल तर तो गिळून टाक. मी धडधाकट आहे, कुणाशी भांडून बाहेर पडलेली नाही, आणि मला काही पाठवायचीही गरज नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. गेल्या वेळी तर दुकान बंद असायच्या वारी तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं होतं. पत्राला तसं करता येत नाही. फार तर घडी घालून गल्ल्याखाली सरकवशील, पण तेही तुझ्याच्याने होणार नाही, कारण पत्रात फ्रीज आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढतेय, त्यामुळे कागद भसाभस संपतायत.

तर फ्रीज. दोन दारांचा, माझ्या डोक्यावर वीतभर उरेल इतका उंच. डाव्या दारात कोनाडा आहे. तिथे पेला टेकवला की खटका दबतो आणि बर्फाचे खडे खडखडत पेल्यात पडतात. म्हणजे पडायला हवेत. ते पडत नव्हते, आणि शनिवारी दुपारी बारापर्यंत पडले नाहीत तर माझी खोली जाणार होती.

थांब, आधी खोलीचं सांगते, नाहीतर तुला वाटेल ही पोरगी बर्फासाठी कशाला एवढी हातघाईवर आली. तुला माहीत आहे, मी मत्स्यालयात काचा पुसत होते. (तिथलं एक म्हातारं कासव रोज माझ्या फडक्यामागे काचेपलीकडून फिरायचं. मी डावीकडे की तेही डावीकडे. ते सोडून येताना मला जेवढं वाईट वाटलं तेवढं माणसांना सोडताना कधी वाटलं नाही, पण ते राहू दे.) तिथलं काम संपलं आणि भाजीच्या दुकानाच्या दारावर मला एक कागद दिसला: घरात राहून मदत करणारी हवी, वरची खोली मिळेल. खोली लहानशी आहे. खिडकी मागच्या अंगणावर उघडते, टेबलाचा एक पाय तोकडा आहे, आणि सकाळी ऊन थेट उशीवर येतं. मी पहिल्याच दिवशी पिशवी तळापर्यंत रिकामी केली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. अगदी तळाला तुझ्या दुकानातला एक पाना निघाला. तो मी चोरला नव्हता, चुकून आला होता, खरंच.

घरात दोनच माणसं. काकू अडतीस वर्षं सुईण होत्या, अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. त्यामुळे समोर कुणीही उभं राहिलं तरी त्या ‘तुला मी उघडं बघितलंय’ अशाच नजरेने बघतात. घरात प्रत्येक वस्तूवर त्यांनी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून ठेवलीय आणि तिच्यावर आपल्या अक्षरात सूचना. साखरेच्या डब्यावर ‘साखर. कोरडा चमचा.’ मागच्या दारावर ‘आधी पाय पुसा.’ काकांच्या चष्म्याच्या घरावर ‘यात चष्मा ठेवायचा असतो.’ ती पट्टी काढायची नाही, हा घराचा पहिला कायदा. काका फुटबॉलचे पंच होते. आता गुडघा बदललाय, बिछान्यावर असतात, पण शिट्टी गळ्यात. पाणी हवं, एक शिट्टी. उशी सरळ करायची, दोन. काकूंनी वाढलेलं आवडलं नाही तर एक लांबलचक शिट्टी, आणि मग काकू आतून ओरडतात, “अहो, खेळ संपलाय, गिळा आता!”

काकूंनी मला विचारलं, तुला काय येतं? मी म्हटलं, माझ्या मावशीचं दुरुस्तीचं दुकान आहे, फ्रीजपासून मिक्सरपर्यंत सगळं मी उघडून बंद करू शकते. हे खोटं नव्हतं बघ. उघडायला आणि बंद करायला मला येतंच. मधलं तू करायचीस. काकूंनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, तीन आठवडे बघू.

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी बर्फ थांबला. आता काकांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की व्यायामाआधी बर्फ, व्यायामानंतर बर्फ. व्यायाम घ्यायला एक बाई येतात, दणकट, हसऱ्या. बर्फ नाही म्हटल्यावर काकांनी जाहीर केलं की नियम म्हणजे नियम, बर्फ नाही तर व्यायाम नाही. काकूंनी गोठलेल्या मटारची पिशवी आणली. काका म्हणाले, मटार घरंगळतात. कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडचा बर्फ आणला तर म्हणाले, गुडघ्याला सुरमईचा वास येतोय. मी वाडग्यात पाणी गोठवून हातोडीने फोडलं तर म्हणाले, टोचतंय. व्यायामाच्या बाई दोन दिवस दारातूनच परत गेल्या आणि काकूंनी मला स्वयंपाकघरात उभं केलं. म्हणाल्या, “तू म्हणाली होतीस तुला येतं. शनिवारी बारापर्यंत बर्फ पडायला हवा. नाहीतर मी कंपनीचा माणूस बोलावते आणि तू पिशवी भर. मला बंद फ्रीज चालेल गं, पण न येणारी गोष्ट येते म्हणणारं माणूस घरात चालणार नाही.” आणि मावशी, त्यात रागाने बोललेला एकही शब्द नव्हता. तेच जास्त लागलं.

मग मी तुला आठवायला बसले. म्हणजे तू काय पहिल्यांदा करशील, मग काय, मग काय. तुझा आवाज माझ्या कानात असा स्पष्ट होता की मी दोनदा ‘हो’ म्हणाले. त्याच मंगळवारी बर्फाचा डबा बाहेर काढला. तळाशी जुने खडे वितळून, पुन्हा गोठून एकच ढेकूळ झालं होतं. सुरी घेतलीच होती मी, पण तू कानात ओरडलीस: फ्रीझरमध्ये टोकदार काही नेलंस तर तुझी बोटं मोडीन. मग डबा सिंकमध्ये ठेवला, कोमट पाणी ओतलं, ढेकूळ आपोआप सुटलं. डबा धुऊन, पार कोरडा करून बसवला. आत खडे ढकलणारं ते पिळाचं लोखंड हाताने फिरवून बघितलं, मोकळं होतं. बर्फ भरला की वर उचलली जाते ती तारेची दांडी बघितली, खालीच होती, म्हणजे यंत्राने ‘पुरे’ म्हटलेलं नव्हतं. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून ओढली, सगळीकडे घट्ट. फ्रीझरमध्ये थर्मामीटर ठेवला तर उणे बारा. तू म्हणतेस उणे अठराच्या वर बर्फाचं यंत्र रुसतं. फ्रीझरचा थंडीचा काटा उणे अठरावर आणला आणि वाट बघितली. बर्फ नाही.

बुधवारी फ्रीज ओढून पुढे घेतला. एकटीने! मागे पंधरा वर्षांची धूळ, जाळीवर तर गोधडीच पांघरलेली. प्लग काढला, ब्रशने सगळं झाडलं, शिंका इतक्या आल्या की काकांनी आतून शिट्टी मारून मला बाद केलं. पाण्याची तोटी अर्धीच उघडी होती, ती पूर्ण उघडली. आत पाणी नेणारी नळी गोठलीय का बघितली, गरम फडकं लावून शेकली. फिल्टर बदलला. जुन्या फिल्टरवर नंबर इतका बारीक होता की खिडकीत नेऊन वाचावा लागला. तू असतीस तर तो गिऱ्हाईकाच्या हातात देऊन म्हणाली असतीस, वाचा बघू मोठ्याने. आधी मला तो तुझा रुबाब वाटायचा. मग पाण्याचे दहा-बारा जग भरून ओतले, नळी फसफसायची थांबेपर्यंत. ते पाणी मी वाया नाही घालवलं, अंगणातल्या कुंड्यांना घातलं, तिथे एक मांजर व्यायलेलं सापडलं, चार पिल्लं, एक पूर्ण काळं आणि फक्त शेपटीचं टोक पांढरं, जणू पांढऱ्या रंगाच्या डब्यात बुडवून काढलंय. त्यात माझा तासभर गेला. बरं, पुढे.

गुरुवारी संध्याकाळी मी भांडी विसळत होते आणि आतून खडखड आवाज आला. मावशी, टाळ्यांचा कडकडाट काय तो! मी ओल्या हातांनी काकूंना मिठीच मारली. त्या फक्त ‘हं’ म्हणाल्या, पण ते बरं ‘हं’ होतं. नव्या फिल्टरचा पहिला बर्फ फेकायचा असतो हे मी काकूंना अगदी तुझ्या थाटात सांगितलं आणि पडलेला सगळा बर्फ ऐटीत सिंकमध्ये ओतला. काका आतल्या बिछान्यावरून उघड्या दारातून बघत होते. शिट्टीसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी डबा कोरडा ठणठणीत. दहा वाजता कोरडा, बाराला कोरडा. काकूंनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मासेवाल्याकडे निघाल्या. मी वर जाऊन पिशवी पलंगावर ठेवली आणि अर्धे कपडे भरले. मग वाटलं, एक गोष्ट राहिलीय. तू म्हणायचीस, काहीच कळेनासं झालं की हत्यारं खाली ठेव आणि तासभर नुसती मशीनपाशी बस, ती सांगते. तेव्हा मी हसायचे. आता खाली आले, फ्रीज आणि कपाटाच्या मधल्या फटीत जमिनीवर बसले, डोकं फ्रीजच्या अंगाला टेकवलं आणि डोळे मिटले. गुणगुणत होता बिचारा, काही तक्रार नव्हती.

तेवढ्यात टक, टक, टक. वॉकर. काका! ज्यांना बिछान्यावरून न्हाणीघरात न्यायला आम्ही दोघी लागतो ते काका एकटे, घामाघूम, ओठ दाबून, एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरात आले. मी पावलं मोजली, दारापासून चौदा. फ्रीजसमोर उभे राहिले. कोनाड्याच्या वर जिथे बटणं आहेत तिथे काकूंची एक लांब पट्टी आहे, ‘फक्त स्वच्छ हातांनी.’ काकांनी त्या पट्टीवर बरोबर एका जागी बोट दाबलं आणि पंचाच्या आवाजात मोजलं, एक, दोन, तीन. फ्रीज टिंग करून वाजला.

पट्टीखाली ‘बर्फ बंद’चं बटण होतं गं! तीन सेकंद दाबलं की यंत्र बर्फ करणं थांबवतं आणि बारीकसा दिवा लागतो, नुसतं एकदा दाबलं की पुन्हा सुरू. मधला एक दिवस सोडला तर तो दिवा सोमवारपासून पट्टीखाली लागलेला. मी आख्खा फ्रीज खोलला, पण काकूंची पट्टी उचलायची माझी छाती झाली नाही. बुधवारी प्लग काढल्यावर ते बटण आपोआप पूर्ववत झालं, म्हणून गुरुवारी बर्फ आला. आणि त्या रात्री पांघरूण घालायला काकू गेल्या तेव्हा काका झोपेचं सोंग घेऊन राखीव खेळाडूसारखे तयारच होते, घर झोपल्यावर चालत येऊन त्यांनी ते पुन्हा बंद केलं. आज पुन्हा तीन सेकंद दाबलं ते नुसतं खात्री करायला, टिंग वाजलं म्हणजे बंदच आहे.

मी फटीतून उठले तेव्हा काकांचा चेहरा बघायला हवा होतास. चोरी पकडलेल्या शाळकरी पोरासारखा. मी खुर्ची सरकवली, ते बसले, आणि मी काही विचारायच्या आतच बोलायला लागले. म्हणाले, ती व्यायामाची बाई शाळेत असताना खेळायची, मी तिला एकदा लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढलं होतं, ती आता सूड घेतेय. मी हसले. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, “अगं, गुडघा बरा होणार हे मला माहीत आहे. त्याची भीती नाही. तो वाकवतात ना, ती वीस मिनिटं. बाईसमोर, बायकोसमोर मी ओरडतो. तीस वर्षं बावीस जणांमागे पळालो, एकदाही ओरडलो नाही.” मग मला म्हणाले, हिला सांगू नकोस.

आता माझी पंचाईत. गुपचूप बटण दाबून बर्फ सुरू केला तर काका रात्री पुन्हा बंद करणार. सांगितलं तर खोली वाचते. नाही सांगितलं तर उद्या कंपनीचा माणूस येऊन एका मिनिटात पट्टी उचलेल आणि मी ढोंगी ठरेन. मी काकांना म्हटलं, मी सांगणार नाही, पण तुम्ही सांगा. जेवणापर्यंत वेळ आहे. नाही सांगितलंत तर उद्या मी पिशवी घेऊन निघेन, आणि का ते विचारलं तर गप्प बसेन. वर गेले आणि उरलेले कपडे भरले. भरताना वाटलं, मावशी, की मला जायची सवय आहे पण आत्ता जायचं नाहीये. हे असं मला कधी झालंच नव्हतं. मी पलंगावर बसून थोडी रडले, कासवासाठी नाही.

जेवायला बसलो. काकांनी पहिला घास घ्यायच्या आधी शिट्टी मारली, लांब. काकू म्हणाल्या, अजून चाखलंही नाही तुम्ही. काका म्हणाले, “फाउल. माझा.” आणि सगळं सांगितलं, बटणासकट, चौदा पावलांसकट. काकूंनी हातातला चमचा ताटात ठेवला. मग म्हणाल्या, “हजार बायकांचे हात धरले मी. एकीलाही म्हटलं नाही की ओरडू नकोस. आणि माझ्याच घरात माणूस ओरडायला लाजतो?” त्यांचे डोळे भरले, पण पुढच्याच क्षणी त्या सावरल्या. “आणि तुम्ही एकटे चौदा पावलं चालता? मग उद्यापासून आपला बर्फ आपण आणायचा!” मग मोहरा माझ्याकडे. तुला दुपारपासून माहीत होतं? मी म्हटलं, हो. बोलली का नाहीस? मी म्हटलं, त्यांनी सांगायला हवं होतं, मी नव्हे. काकू उठल्या, फ्रीजवरची पट्टी टरकन ओढली, बटण दाबलं, आणि जाता जाता माझ्या ताटात आणखी थोडं वाढलं.

शनिवारी बाराला दहा कमी असताना काका वॉकर टेकत आले, पेला कोनाड्यात धरला, आणि बर्फ असा खडखडत पडला की निम्मा जमिनीवर. व्यायामाच्या बाई आल्या, गुडघा वाकवला, काका ओरडले, गल्लीत ऐकू गेलं. काकू शेजारी हात धरून मोजत होत्या. गुडघा वाकला नव्वद अंशांना दोन कमी इतका. संध्याकाळी काकूंनी मला फाटकाची किल्ली दिली आणि म्हणाल्या, तीन आठवडे झाले नाहीत अजून, पण मला मोजायचा कंटाळा आलाय.

आता खरं. काका ‘ती वीस मिनिटं’ म्हणाले ना, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तू आलीस. तू पाठवलेल्या गेल्या पार्सलवर पत्त्याच्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या मावशी, पोस्टमनने ते तीन दारं फिरवून आणलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुला तारीख दिली होती, दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, एकामागून एक काढू म्हणाले होते. तू दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवून म्हणालीस, तेवढे दिवस सांभाळ. आणि मला त्या किल्ल्यांत माझा आख्खा जन्म दिसला, म्हणून चौथ्या दिवशी मी पळाले. तू सगळ्यांना सांगितलंस की पोरगी काम शिकायला गेलीय, आणि तारीख पुढे ढकललीस. आधी हंगाम आहे म्हणून, मग पोरगी नाही म्हणून. मला कारण मिळालं, तुलाही मिळालं. मी काकूंकडे सहा आठवड्यांची सुटी मागितलीय. त्या म्हणाल्या, खोली तशीच राहील, आणि थेंब कोणते, किती वेळा घालायचे, ओणवं व्हायचं नाही, धुळीत जायचं नाही, हे सगळं त्यांनी मला पाठ करून घेतलंय. सहा आठवड्यांनी मी परत इथे येणार, हे आत्ताच स्पष्ट सांगते, म्हणजे किल्ल्या हातात ठेवताना तुझ्याही मनात काही नको आणि माझ्याही. तीन तारखेच्या सकाळच्या गाडीने मी पोचते. तू त्यानंतरची तारीख घे, पहिली मिळेल ती. भीती वाटली तर माझ्यासमोर वाटू दे, मी कुणाला सांगणार नाही. शटर मी उघडीन, तू आत बसून तोंडाने दुरुस्त्या कर. गिऱ्हाईक आलंय म्हणालीस तर म्हणेन, बसू दे त्याला, आमची मावशी आज दवाखान्यात जातेय.

तुझीच,
भिंगरी